खऱ्या शिक्क्याचा खोटा कागद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक होते. म्हणून नोकरीसाठी वापरल्या जाणाऱ्या बनावट प्रमाणपत्रांवर बोलताना मी सुरुवात शिक्षकांच्याच प्रमाणपत्रापासून करतो.

जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा झाली. आपण तिला टीईटी म्हणतो. पहिली ते आठवीच्या मुलांसमोर कोणी उभं राहायचं, हे ठरवणारी ही परीक्षा. दीडशे गुणांचा पेपर, खुल्या गटाला त्यात ९० गुण लागतात. निकाल लागला, प्रमाणपत्रं वाटली गेली, काहींना त्यावर नोकऱ्याही लागल्या. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये पुण्याचे सायबर पोलीस म्हाडाच्या भरतीतल्या पेपरफुटीचा माग काढत होते. त्या तपासाचा धागा निघाला तो थेट राज्य परीक्षा परिषदेपर्यंत गेला. परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली, पाठोपाठ आधीचे आयुक्त सुखदेव डेरे यांना झाली, परीक्षेचं काम घेतलेल्या खासगी कंपनीची माणसंही आत गेली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण कागदपत्रं तपासल्यावर जे दिसलं ते परिषदेनेच जाहीर केलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८७४ उमेदवारांची यादी काढली, त्यांचा निकाल रद्द केला आणि त्यांना पुढच्या परीक्षांना बसायला बंदी केली. उत्तीर्ण म्हणून जाहीर झालेल्यांपैकी हे जवळपास निम्मे होते.

या आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त छळते. यातल्या बहुतेकांच्या हातातलं प्रमाणपत्र कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार झालेलं नव्हतं. कागद परिषदेचा, क्रमांक परिषदेचा, सही-शिक्का परिषदेचा. खोटे होते ते फक्त गुण. ते प्रमाणपत्र घेऊन उमेदवार एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यासमोर उभा राहिला आणि त्या अधिकाऱ्याने इमानदारीने पडताळणीसाठी पत्र पाठवलं, तर उत्तर काय येणार? प्रमाणपत्र खरं आहे, हेच.

बनावट प्रमाणपत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक अंधारी खोली येते. रंगीत प्रिंटर, रबरी शिक्के, लॅमिनेशनचं मशीन. तसले धंदे आहेतच. हिमाचल प्रदेशातल्या सोलनच्या मानव भारती विद्यापीठाच्या नावाने हजारोंनी पदव्या विकल्या गेल्याचं तिथल्या तपासात निघालं. नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत वर्षानुवर्षं छापून येत होतं. आणि विद्यापीठ नसताना स्वतःला विद्यापीठ म्हणवून घेणाऱ्याला १९५६ च्या अनुदान आयोग कायद्यात दंड किती आहे? जास्तीत जास्त एक हजार रुपये. 

पण हा बाहेरचा खोटेपणा पकडता येतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी नोकरीची बरीच वर्षं काढली, पडताळणीचं टेबल जवळून पाहिलं. बँकेकडून, कंपनीकडून, कधी परराज्यातल्या पोलीस खात्याकडून पत्र येतं. सोबत आपल्याकडे ज्याला मेमो म्हणतात त्या गुणपत्रकाची झेरॉक्स असते. लिपिक आधी वर्ष आणि हंगाम बघतो, मार्च-एप्रिल की ऑक्टोबर-नोव्हेंबर. मग कपाटातून टीआर काढतो. टीआर म्हणजे ज्यात प्रत्येक बैठक क्रमांकापुढे विषयवार गुण मांडलेले असतात ते मोठं रजिस्टर. जुन्या टीआरच्या कडा बोटांनी काळ्या पडलेल्या असतात, बांधणी सुटलेली असते, पान जपून उलटावं लागतं. लिपिक पट्टी त्या ओळीखाली धरतो, झेरॉक्स शेजारी ठेवतो आणि एकेक आकडा ताडून बघतो. मुरलेल्या माणसाला टीआर उघडायच्या आधीच वास येतो. बेरीज चुकलेली असते. ज्या कुलगुरूंची सही आहे ते त्या तारखेला पदावर आलेलेच नसतात. बैठक क्रमांक खरा असतो, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीचा निघतो. असे कागद मी हातात घेतले आहेत आणि ते परत पाठवणारे, पगार बेताचा पण नजर पक्की असलेले लिपिकही पाहिले आहेत. या माणसांची नावं कुठल्या कोनशिलेवर येत नाहीत. पण विद्यापीठाची अब्रू त्यांच्या त्या पट्टीवर उभी असते.

आता विचार करा, टीआरमध्येच चुकीचे गुण चढले असतील तर? पट्टी सरळ आहे, नजर पक्की आहे, माणूस इमानदार आहे. तरी तो ‘बरोबर आढळले’ असाच शिक्का मारणार.

टीईटीचं प्रकरण पुण्यातलं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. मे २०१७ ची गोष्ट याच शहरातली, छत्रपती संभाजीनगरातली आहे. एका नगरसेवकाच्या घरी पोलिसांनी छापा घातला, तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीचे २७ विद्यार्थी तिथे बसून पेपर लिहीत होते. परीक्षा आधीच होऊन गेली होती. केंद्रावरच्या उत्तरपत्रिका बाहेर काढून त्या पुन्हा लिहायची सोय पैसे घेऊन केली होती, असं पोलिसांचं म्हणणं होतं. स्थापत्य अभियांत्रिकी म्हणजे पूल, धरणं, शाळांच्या इमारती. तो छापा पडला नसता, तर त्या २७ जणांच्या मेमोवर कोणालाही बोट ठेवता आलं नसतं. 

२०२३ मध्ये बारावीच्या भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना आपल्याच विभागीय मंडळात ३७२ उत्तरपत्रिकांमध्ये परकं अक्षर सापडलं. विद्यार्थ्याने लिहिलेल्या मजकुरानंतर दुसऱ्याच कोणाच्या तरी हस्ताक्षरात उत्तरं भरलेली होती. मंडळाने मुलांना बोलावलं. मुलं म्हणाली, हे अक्षर आमचं नाही, कोणी लिहिलं ते आम्हाला माहीत नाही. पुढे सोयगाव तालुक्यातल्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. ज्या परीक्षकांनी हे अक्षर ओळखलं, त्यांनी गठ्ठे संपवायच्या घाईत शेरा मारून पुढे ढकललं असतं, तर त्या मुलांच्या नावावर खरेखुरे गुण चढले असते. त्या अनामिक परीक्षकांचे आपण आभार मानले पाहिजेत, आणि मी ते इथे मानतो.

खेळाच्या प्रमाणपत्रांचंही तेच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची प्रमाणपत्रं आपल्या भागात कशी निघाली, ज्यांनी त्या उपकरणावर पाऊल ठेवलं नाही ते कागदावर राष्ट्रीय खेळाडू कसे झाले, हे इथल्या वर्तमानपत्रांनी तपशिलाने छापलं आहे. त्यात शिरत नाही. फक्त एक बघा. तिथेही प्रमाणपत्रामागे क्रीडा खात्याचा वैधतेचा दाखला लागतो, आणि अडचण त्या दाखल्याचीच होती. नागपूर विभागात २०२५ मध्ये उघड झालेलं शालार्थ, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या प्रणालीतलं, प्रकरणही त्याच वाटेचं. ज्यांची भरती रीतसर झालीच नाही अशा शेकडो लोकांना शिक्षक म्हणून पगाराचा क्रमांक मिळाला आणि पगार सुरूसुद्धा झाला. तो क्रमांक बाहेरचा कोणी तयार करू शकत नाही.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे की आपण चोर दाराबाहेर शोधतो आहोत. होलोग्राम लावतो, क्यूआर कोड छापतो, डिजिलॉकरमध्ये प्रमाणपत्रं टाकतो. हे सगळं चांगलं आहे, झालंच पाहिजे. पण क्यूआर कोड एवढंच सांगतो की हा कागद परिषदेने दिला आहे. तो का दिला, हे तो सांगत नाही. नोंद चुकीची असेल तर डिजिलॉकर ती चूक जन्मभर जपून ठेवील.

इथे कोणी म्हणेल, गुण वाढवून घेणारे सगळेच काही गुन्हेगार वृत्तीचे नसतात. खरं आहे, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या सभागृहातून निघून औरंगपुऱ्यात किंवा उस्मानपुऱ्यात जा. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या दिसतील. डीएड, बीएड झालेली तिशीतली मुलं-मुली तिथे बसलेली आहेत. डीएडची कॉलेजं गावोगाव निघाली तेव्हा त्यांच्या आईबापांनी कापसाच्या पैशातून फी भरली. आणि मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीच थांबवली. ती पुन्हा जेमतेम सुरू व्हायला वर्षं गेली. भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणी आली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या. नोकरी लागली तरी आधी शिक्षणसेवक. २०२३ पर्यंत त्याचं मानधन महिना सहा हजार होतं, मग ते सोळा हजार झालं. दुसरीकडे खासगी संस्थेत जागेचा भाव उघडपणे सांगितला जातो. एक एकर विकली की काम होतं, असं लोक चहाच्या टपरीवर बोलतात आणि कोणी दचकत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार विचारतात, नोकरी परमनंट आहे का विचारतात. ती लागली कशी, हा प्रश्न मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

अशा हवेत एजंट येतो. तो परका नसतो. तालुक्याचाच असतो, ओळखीचा, कधी नात्यातला, कधी क्लासवाला. तो गुन्हा करा म्हणत नाही. तो म्हणतो, “सगळेच देतात, तू एकट्याने सरळ राहून काय मिळवणार?” आणि या युक्तिवादाला जोर येतो तो आपल्या सगळ्यांच्या गप्प बसण्यातून. मुलाला दहावीच्या केंद्रावर कॉपी पुरवायला भिंतीवर चढलेला बाप त्याच मुलाला तिशीत एजंटाकडे घेऊन जातो. मधल्या काळात वेगळं काही घडलेलं नसतं. तरीही मी पैसे देणाऱ्याला निर्दोष म्हणणार नाही. कारण त्याच अभ्यासिकेत, त्याच बाकावर, तेवढीच शेती आणि तेवढीच गरिबी असलेली दुसरी मुलगी बसलेली आहे, आणि तिने पैसे दिलेले नाहीत.

तिच्याबद्दल आपण बोलतच नाही. घोटाळा उघड झाला की बातमी होते ती ज्याला पकडलं त्याची. ज्याची जागा गेली त्याचा पत्ता कोणाकडे नसतो. गुणवत्ता यादी एका क्रमांकावर थांबते, त्याच्या खालचा माणूस घरी जातो आणि आपण कमी पडलो असं समजून जन्म काढतो. वयाची अट संपते. मग तो कुठल्या तरी मॉलमध्ये हिशेब बघतो किंवा वाळूजच्या एखाद्या कंपनीत कंत्राटी कामगार होतो. त्याला कोणी कळवत नाही की बाबा, तू पास झाला होतास.

ही हानी मोजता येते, याचं एक उदाहरण याच राज्यात आहे, जरी ते शैक्षणिक प्रमाणपत्राचं नसून जातप्रमाणपत्राचं आहे. अनुसूचित जमातीच्या राखीव जागांवर ज्यांचे दावे पडताळणीत टिकले नाहीत अशी माणसं वर्षानुवर्षं नोकरीत राहिली. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात स्पष्ट सांगितलं की खोट्या दाव्यावर मिळवलेल्या नोकरीला, ती कितीही वर्षं केली असली तरी, संरक्षण मिळणार नाही. त्यानंतर राज्याने हिशेब मांडला तेव्हा १२,५०० पदांचा आकडा पुढे आला. डिसेंबर २०१९ मध्ये शासनाने निर्णय काढून त्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर वर्ग करायचं आणि मूळ जागा आदिवासी उमेदवारांसाठी मोकळ्या करायच्या असं ठरवलं. माणुसकीचा विचार त्यात होता, हे मान्य. पण १९९० च्या सुमारास ज्या तरुणाला त्या जागेवर बसायचं होतं तो आज साठीच्या घरात आहे. त्याच्यासाठी अधिसंख्य काहीच निघालं नाही.

आणि मुलं. टीईटीत नापास झालेला माणूस वर्गावर उभा राहतो तेव्हा समोर कोण बसलेलं असतं? ज्यांना खासगी शाळा परवडते त्यांची मुलं तिथे नसतात. सिल्लोड, पैठण, कन्नडच्या वाडीतली, ऊसतोडीला आईबाप गेल्यावर आजीजवळ राहिलेली मुलं असतात. शिक्षकाला भागाकार आला नाही तर ती मुलं कुठे तक्रार करणार?

मराठवाड्यात हे घडतं तेव्हा मला ते जास्त लागतं, आणि त्याचं कारण आपल्या इतिहासात आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. इथल्या मुलाला पदवी हवी तर हैदराबाद गाठावं लागे, उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावं लागे, आणि ते परवडणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी अक्षर गिरवलं नव्हतं त्यांची मुलं नागसेनवनात, मिलिंदच्या परिसरात, येऊन पदवीधर झाली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. आणि २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाल्यापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, जवळपास साडेपंधरा वर्षं, या विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव यावं म्हणून लोक झगडले. घरं जळाली, माणसं मेली. आज पदवीच्या कागदावर वरच्या बाजूला जे नाव छापलेलं आहे, त्याची किंमत अशी मोजलेली आहे. त्याच कागदावर खालच्या बाजूला कोणी पैशाने गुण चढवून घेत असेल, तर तो केवळ नोकरीचा गैरव्यवहार म्हणून मला सोडून देता येत नाही.

जगात इतरत्र हेच कसं घडतं ते सांगतो, कारण त्यातून एक उपयोगाची गोष्ट हाती लागते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने फ्लोरिडातलं एक प्रकरण उघड केलं. तिथल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या होत्या. आपल्या टीईटीच्या यादीशी आकडाही जवळपास जुळतो. शाळा खऱ्या होत्या, मान्यताप्राप्त होत्या, कागद त्यांचेच होते. पण तिथे परिचारिका व्हायचं तर शाळेच्या पदविकेनंतर एक स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. पदविका विकत घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जणच ती पार करू शकले. बाकीचे त्या दुसऱ्या दारावर अडले. पूर्ण समाधान त्यात नाही, कारण २,४०० जण रुग्णांपर्यंत पोहोचायच्या वाटेवर गेलेच. तरी जो शिकवतो आणि प्रमाणपत्र देतो, त्याच्याहून वेगळ्या कोणीतरी तपासायचं, या व्यवस्थेने पाच हजार लोक थांबवले. आपल्याकडे टीईटी हेच ते दुसरं दार होतं. डीएड-बीएडच्या पदविका-पदव्यांवर भरवसा उरला नाही म्हणून ती परीक्षा आणली, आणि त्याच दाराची किल्ली विकली गेली.

याच्या उलट टोकाला ग्रामीण डाकसेवकाची भरती आहे. तिथे लेखी परीक्षाच नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. साहजिकच कुठल्या तरी दूरच्या मंडळाचे नव्वदच्या पुढचे मेमो घेऊन माणसं हजर झाली आणि अनेक राज्यांत गुन्हे नोंदवावे लागले. एकाच कागदावर सगळी भिस्त ठेवली की तो कागद विकायला येणारच.

बोगस विद्यापीठांचा तो हजार रुपयांचा दंड सोडला, तर कायदा कमी पडतो असं मला वाटत नाही. फसवणुकीसाठी बनावट दस्त केला तर जुन्या दंडविधानात कलम ४६८ खाली सात वर्षांची तरतूद होती, नव्या न्याय संहितेतही ती आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९८२ पासून आहे. केंद्राचा २०२४ मध्ये आला. कमी पडते ती आतल्या नोंदीवरची नजर. मूळ ओएमआर उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराकडे राहू द्या. स्कॅन केलेली प्रतिमा निकालाच्या दिवशीच प्रत्येकाला संकेतस्थळावर बघता येऊ द्या, आणि फक्त स्वतःची नव्हे, उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाची कोणालाही बघता येऊ द्या. ज्याने कोरी उत्तरपत्रिका दिली त्याला ९५ गुण पडले, तर त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेला माणूसच तक्रार करील, पोलिसांना दोन वर्षं वाट बघावी लागणार नाही. स्कॅनिंग करणारी कंपनी आणि निकाल लावणारी कंपनी एक असता कामा नये. नोंदीत बदल झाला तर कोणी, कधी, कोणाच्या आदेशाने केला हे पुसता न येणाऱ्या रीतीने राहिलं पाहिजे. जुन्या टीआरमध्ये दुरुस्ती केली की लाल शाईने सही आणि तारीख घालावी लागे. तेवढी शिस्त संगणकात आणता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

हे आत्ताच का बोलायचं, तर वेळ फार थोडा आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, नाहीतर नोकरी जाईल. वीस-वीस वर्षं इमानेइतबारे शिकवलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत पुस्तकं घेऊन बसली आहेत. त्यांच्या पोटात भीती आहे, आणि हातात नियमित पगाराचा पैसा आहे. एजंटाला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये टीईटी झाली, तेव्हा ऐन परीक्षेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात पेपर देतो म्हणून पैसे घेणारी टोळी पोलिसांनी पकडली. हे सुरू झालेलंच आहे.

म्हणून इथे बसलेल्या शिक्षक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. तुम्ही या निकालाविरुद्ध मोर्चे काढता, सवलती मागता, ते तुमचं काम आहे आणि तुमच्या सभासदांची काळजी खरी आहे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी घाला. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची स्कॅन केलेली उत्तरपत्रिका परिषदेने संकेतस्थळावर उघडी ठेवावी, आणि ऑगस्ट २०२७ च्या मुदतीआधी होणाऱ्या पुढच्या प्रत्येक टीईटीला हे लागू करावं. जो शिक्षक स्वतःच्या अभ्यासावर पास होणार आहे, त्याचं यात काहीही जात नाही.